शेतातले लोखंड शोधणारे पल्स यंत्र : सुरुवात कशी करावी?



शेतात दगड असला तर तो दिसतो, तण उगवले तर तेही दिसते. पण मातीत गेलेला खिळा, मोडलेल्या फणाचा तुकडा किंवा तारेचा वीतभर टोक दिसत नाही. तो दिसतो कधी? ट्रॅक्टरचे टायर बसल्यावर, कडबाकुट्टीचे पाते तुटल्यावर, नाहीतर दावणीची चांगली दुभती गाय खाणे-पिणे सोडून उभी राहिल्यावर. तोपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

पूर्वी शेतात लोखंड येत होते ते मोजकेच. बैलाच्या पत्रीचा खिळा, गाडीच्या धावेचा तुकडा, नांगराचा फाळ. आता काटेरी तारेचे कुंपण आले, द्राक्ष-डाळिंबाच्या बागांचे मांडव आले, ट्रॅक्टरची अवजारे आली. घराचे बांधकाम झाले की सळई बांधायच्या तारेचे तुकडे उकिरड्यावर जातात आणि शेणखताबरोबर शेतात पसरतात. शहरातून आणलेल्या कचराखतात तर काय काय निघते ते तुम्हांला ठाऊकच आहे.

हे लोखंड शोधायला आता धातुशोधक यंत्रे मिळतात. त्यांतला एक प्रकार म्हणजे पल्स इंडक्शन यंत्र. आपल्याकडच्या काळ्या व तांबड्या जमिनींना हा प्रकार जास्त मानवतो. मात्र यंत्र आणले, बटण दाबले आणि सापडले, असे होत नाही. थोडे शिकावे लागते. ते कसे शिकावे, हे या पत्रिकेत पाहू.

आधी गोठ्याचा विचार

टायरचे नुकसान भरून निघते. जनावराचे तसे नाही. गाय-म्हैस चारा घाईने गिळते आणि मग निवांत रवंथ करते. ओठांनी आणि जिभेने निवडून खाण्याची शेळीची सवय तिला नाही. त्यामुळे कुट्टीत आलेली तार किंवा खिळा तसाच पोटात जातो. जड असल्यामुळे तो दुसऱ्या पोटात, म्हणजे जाळीपोटात जाऊन बसतो. हे पोट सारखे आकुंचन पावत असते. प्रत्येक आकुंचनाबरोबर टोकदार तार पुढे रेटली जाते. जाळीपोटाच्या पुढे छातीचा पडदा आणि त्या पलीकडे काही बोटांवर हृदय. तार पडदा भेदून हृदयाच्या पिशवीपर्यंत गेली की जनावर वाचणे कठीण.

लक्षणे ओळखून ठेवा. दूध एकाएकी घटते. रवंथ बंद होते. गाय पाठीला कमान करून, पुढच्या पायांची कोपरे बाहेर काढून उभी राहते. उठता-बसता कण्हते. उतारावरून चालायला नाखूश असते. पुढे गळ्याच्या पोळीला सूज येते, मानेची शीर फुगून दिसते. गाभण जनावरात दिवस भरत आले की पोटातला दाब वाढतो आणि गिळलेली तार पुढे सरकण्याचा धोकाही वाढतो. यांतले पहिले लक्षण दिसताच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा. सूज येईपर्यंत थांबू नका. अपचन समजून घरगुती काढे पाजत बसल्याने मोलाचे दिवस जातात.

पोटातली तार काढणे हे डॉक्टरांचे काम. तार पोटात जाऊ न देणे हे आपले काम. यंत्र उपयोगी पडते ते या दुसऱ्या कामात.

यंत्र कसे चालते?

यंत्राचे तीन भाग. दांड्याच्या खाली ताटाएवढे गोल वेटोळे, त्याला कॉइल म्हणतात. वर हाताशी एक पेटी, तिच्यात विजेची मांडणी. आणि बॅटरी. कॉइल म्हणजे वार्निश दिलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे. साधारण वीतभर रुंदीच्या कॉइलमध्ये असे वीस-पंचवीस वेढे असतात.

पेटी या कॉइलमध्ये विजेचा एक छोटा झटका सोडते. किती छोटा? सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतले शे-दोनशे भाग, एवढाच वेळ. झटका चालू असतो तेव्हा कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते जमिनीत उतरते. मग वीज एकदम तोडली जाते. क्षेत्र एकदम कोसळते. आणि असे कोसळणारे क्षेत्र ज्या धातूतून जाते, त्या धातूत क्षणभर वीज फिरू लागते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेला हाच नियम. आपल्या विहिरीवरची मोटर आणि गावातला ट्रान्सफॉर्मरही त्याच नियमावर चालतात.

धातूत फिरणारी ही वीज लगेच मरत नाही. घंटेवर टोला मारून हात काढून घेतला तरी घंटा थोडा वेळ घुमत राहते, तसे समजा. यंत्र टोला मारते, स्वतः गप्प बसते आणि मग कान देऊन ऐकते. काही घुमले तर हेडफोनमध्ये आवाज करते. नुसती माती असेल तर घुमत नाही. हा टोला आणि ऐकणे सेकंदाला शेकडो वेळा चालू असते, म्हणून आपल्याला आवाज सलग वाटतो.

टोला संपल्यावर किती वेळाने ऐकायचे, याला डिले म्हणतात, म्हणजे विलंब. तो सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी दहा-वीस भाग इतका असतो. विलंब कमी ठेवला तर पातळ, बारीक वस्तूही ऐकू येतात, पण मातीचा गोंगाटही येतो. विलंब वाढवला तर बारीकसारीक वस्तू गप्प होतात, माती शांत होते आणि जाड लोखंड मात्र बोलत राहते. काही यंत्रांवर यासाठी बटण असते. ते असलेले बरे.

आपल्या जमिनीला हेच यंत्र का?

एक साधा प्रयोग करा. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ओढ्याच्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळी बारीक पूड चिकटेल. ही पूड म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचेच खनिज. दख्खनच्या पठारावरचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्हापासून झाला, त्यात हे खनिज असते. त्या पाषाणाची झीज होऊन आपली काळी माती झाली. कोकणात आणि गोव्यात जांभा दगड आहे. त्याचा तांबडा रंगच मुळी लोखंडाच्या संयुगांचा.

बाजारात मिळणारी बरीच साधी यंत्रे सतत लहरी सोडतात आणि त्याच वेळी ऐकतातही. आपणच मोठ्याने बोलत असताना दुसऱ्याचे ऐकण्यासारखे ते असते. मातीतले खनिज लगेच उत्तर देते आणि यंत्र पावलोपावली कुरकुरत राहते. पल्स यंत्र बोलणे संपल्यावर ऐकते. तोपर्यंत मातीचे बरेचसे उत्तर विरून गेलेले असते. ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या भागातही जमीन अशीच तांबडी व लोहयुक्त आहे. तिथे सोने शोधणाऱ्यांनी पल्स यंत्रे उचलून धरली ती याच कारणाने.

तरीही आपली माती अगदी गप्प राहील असे समजू नका. काळ्या व जांभ्या मातीतले काही अतिसूक्ष्म कण सावकाश उत्तर देतात, ते पल्स यंत्रालाही ऐकू येतात. म्हणून काही यंत्रांवर मातीचा आवाज मारण्यासाठी ग्राउंड बॅलन्सचे वेगळे बटण दिलेले असते.

या यंत्राची एक उणीव सगळे सांगतात. कोणता धातू आहे हे ते नीट ओळखून देत नाही. लोखंड, तांबे, पितळ सगळ्यालाच ओरडते. नाणी शोधणाऱ्याला याचा त्रास होतो. आपल्याला तर लोखंडच हवे आहे! तेव्हा त्याची उणीव ती आपली सोय.

विकत घेताना

एकट्याने घेण्याची घाई करू नये. वर्षातून दहा-पंधरा दिवसांचे हे काम. दूध संस्था, शेतकरी गट किंवा शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून एक यंत्र घेतले तर पुरते. घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

कॉइल : वीस ते तीस सेंटिमीटर व्यासाची कॉइल खिळे-तारांसाठी योग्य. कॉइल मोठी केली की खोल पोचते, पण बारीक वस्तू निसटतात. एक मीटरची चौकट पुरलेला लोखंडी पाइप शोधायला चांगली, खिळ्याला नाही.

बॅटरी : पल्स यंत्र वीज जास्त खाते. हिशेब सोपा आहे. यंत्र पाव अँपिअर घेत असेल आणि बॅटरी ७ अँपिअर-तासाची असेल तर कागदावर २८ तास येतात. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून १४ तास धरा. बॅटरी कमरेला किंवा पाठीला लावता आली तर हात दुखत नाही.

वजन : दुकानात दोन मिनिटे धरून कळत नाही. पंधरा मिनिटे डावी-उजवीकडे फिरवून पाहा.

चाचणी : घरची माती प्लॅस्टिकच्या बादलीत भरून न्या. लोखंडी घमेले नको. बादलीत तीन-चार इंची खिळा पुरून यंत्र किती अंतरावरून बोलते ते पाहा. मग खिळा काढून नुसत्या मातीवर फिरवा. नुसत्या मातीवरही तेवढाच ओरडा करणारे यंत्र आपल्या कामाचे नाही.

इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला मुलगा घरात असेल तर जोडणीचे सुटे संचही मिळतात. जोडताना एक सावधगिरी हवी. बॅटरी लहान असली तरी वीज तुटताना कॉइलच्या टोकांवर क्षणभर काही शे व्होल्टचा दाब येतो. यंत्र चालू असताना उघड्या टोकांना हात लावू नये.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो. ‘शंभर फुटांवरून सोने दाखवतो’, ‘जमिनीत तीस फूट खोल पाहतो’ असे सांगून विकली जाणारी दोन काड्यांची किंवा अँटेनाची यंत्रे घेऊ नका. खरे धातुशोधक यंत्र कॉइलखालचीच वस्तू सांगते. नाण्याएवढी वस्तू साधारण कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत सापडते, मोठी वस्तू थोडी अधिक खोल. कॉइलपासून दूर असलेल्या छोट्या वस्तूचे अंतर दुप्पट झाले तर तिचा आवाज निम्मा होत नाही, चौसष्टाव्या हिश्शावर येतो. निसर्गाचाच हिशेब आहे, कंपनी कोणतीही असो.

पहिला धडा अंगणात

यंत्र आणल्यावर थेट शेतात जाऊ नका. आठ-दहा दिवस अंगणात किंवा परड्यात सराव करा.

लाकडी स्टुलावर कॉइल ठेवा. लोखंडी खाटेवर किंवा कॉटवर नको. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी शरीरातली गोळी शोधायला एक विद्युत यंत्र आणले होते. गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली, गोळी डावीकडे होती. त्यातच अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारा होत्या, त्यांनी यंत्र भलतेच बोलत राहिले. बेलसारख्या माणसालाही जवळच्या लोखंडाने फसवले, हे आपण ध्यानात ठेवावे.

म्हणून अंगावरचे लोखंड आधी उतरवा. मनगटातले घड्याळ, कमरेचा पट्टा, किल्ल्या, विळा, लोखंडी नाळ मारलेले बूट. भगिनींनी बांगड्या काढाव्यात किंवा दांडा धरताना कोपरापर्यंत मागे साराव्यात. मोबाइल बंद करून दूर ठेवावा.

आता यंत्र चालू करा. आवाजाचे बटण असे लावा की हेडफोनमध्ये अगदी बारीक गुणगुण ऐकू यावी. पूर्ण शांत ठेवले तर खोलवरची हळू हाक ऐकू येत नाही. मग एकेक वस्तू कॉइलपुढे धरा. खिळा, नट, घोड्याची किंवा बैलाची पत्री, काटेरी तारेचा तुकडा, बांधकामाची बारीक तार. प्रत्येकीचा आवाज किती अंतरापासून सुरू होतो ते वहीत लिहा. बारीक सरळ तारेला यंत्र फार जवळून बोलते, तीच तार गोल वळवून टोके जोडली की लांबून बोलते, असे आढळेल. गोल कड्यातून वीज फिरायला वाट मिळते, सरळ तारेत ती मिळत नाही. म्हणजे सरळ तार ही यंत्राला सर्वांत अवघड वस्तू. आणि जनावराला धोका तिचाच! म्हणून सावकाश चालायचे.

दुसऱ्या दिवशी त्याच वस्तू अंगणात चार, आठ आणि बारा बोटे खोल पुरा. प्रत्येक जागी काडी रोवून वर नाव लिहा. नुकतीच उकरलेली माती आणि बसलेली माती यांत फरक पडतो. म्हणून पाणी शिंपून, माती चोपून, काही दिवसांनी पुन्हा तपासा. काडी न पाहता जागा सांगता येऊ लागली की तुम्ही शेतात जायला तयार झालात.

शेतात उतरल्यावर

सगळे शेत एकदम तपासायला जाऊ नका. हिशेब पाहा. कॉइल पंचवीस सेंटिमीटरची, झोका सव्वा मीटर रुंद, दर झोक्याला अर्धी कॉइल पुढे, आणि एका झोक्याला दोन-तीन सेकंद. या गतीने एक गुंठा तपासायला सुमारे अर्धा तास लागतो, खणणे वेगळे. एकराचे गुंठे चाळीस. म्हणजे वीस तास.

म्हणून जागा निवडा. वैरणीचा प्लॉट आणि खळे सर्वांत आधी. त्यानंतर गोठ्याभोवतीची जागा, उकिरड्याचा खड्डा, जुन्या कुंपणाची रांग, शेताचे फाटक, अवजारे जोडायची-सोडायची जागा, मोडून काढलेल्या बागेच्या मांडवाचे खांब जिथे होते ती जागा. शेतातले बहुतेक लोखंड अशाच ठिकाणी असते.

वेळ निवडावी ती पीक निघाल्यावर, कुळवाची पाळी देऊन जमीन सपाट झाल्यावर. नांगरलेल्या ढेकळांत कॉइल जमिनीजवळ नेता येत नाही आणि प्रत्येक बोटाचे अंतर खोलीतून वजा होते. भेगाळलेल्या काळ्या जमिनीतही तेच होते. दर वर्षी नांगरट खालचे लोखंड वर आणते, म्हणून एकदा तपासलेला वैरणीचा प्लॉट दुसऱ्या वर्षी पुन्हा तपासावा.

सुतळी आणि लाकडी खुंट्या लावून मीटर-सव्वा मीटरचे पट्टे पाडा. कॉइल जमिनीला समांतर, दोन बोटे वर ठेवा. झोक्याच्या शेवटी हात वर उचलला जातो, तो उचलू देऊ नका. झोका पाळण्यासारखा नको, केर काढल्यासारखा सपाट हवा. प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्मा चढवा. जमिनीवर कॉइल वर-खाली करून पाहा. खाली नेताना गुणगुण वाढत असेल तर विलंब थोडा वाढवा किंवा ग्राउंड बॅलन्स जुळवा. कुरकुर थांबत नसेल तर संवेदनक्षमता कमी करा. शांत यंत्र दोन बोटे कमी खोल पाहिले तरी चालेल, पण सारखे ओरडणाऱ्या यंत्रावरचा आपला विश्वास उडतो आणि खऱ्या आवाजाकडेही दुर्लक्ष होते.

आवाज आला की लगेच खणू नका. त्याच जागी आडवा झोका घ्या, मग उभा. दोन्हीकडून एकाच बिंदूवर आवाज येत असेल तर गोळाबेरीज वस्तू, नट किंवा तुकडा. एका दिशेने लांबलचक आणि दुसऱ्या दिशेने आखूड आवाज असेल तर तार किंवा सळई. खिळा आडवा पडलेला असेल तर पुष्कळदा दोन आवाज येतात, मध्ये शांत. अशा वेळी खणायचे ते दोन आवाजांच्या मध्यावर. आवाज एका जागी न थांबता सगळीकडे पसरलेला असेल तर ती वस्तू नसून मातीच असण्याचा संभव जास्त.

बिंदू नक्की झाला की कॉइल बाजूला ठेवा आणि खुरप्याने चारी बाजूंनी माती सोडवा. कुदळीचा घाव आवाजावर घालू नका, तारेचे दोन तुकडे होतील आणि एकच सापडेल. निघालेली माती प्लॅस्टिकच्या टोपलीत घेऊन कॉइलखालून फिरवा. वस्तू सापडल्यावर खड्ड्यावर पुन्हा एकदा झोका घ्या. एका ठिकाणी एक खिळा असला तर दुसराही असतो. शेवटी खड्डा बुजवा. उघडा खड्डा म्हणजे रात्री बैलाचा पाय.

सापडलेले लोखंड बांधावर ठेवू नका, ते परत शेतात जाते. एक डबा ठेवा. मोसमाच्या शेवटी भंगारवाल्याला द्या.

यंत्र उगाच ओरडते तेव्हा

वरून ११ के.व्ही.ची लाइन जात असेल, जवळ मोटरचा स्टार्टर असेल किंवा झटका कुंपण चालू असेल तर यंत्र धातू नसतानाही आवाज करते. झटका कुंपणाचा आवाज ओळखायला सोपा. तो घड्याळासारखा ठरावीक वेळाने टिक टिक येतो. कुंपण बंद करून काम करा आणि संपल्यावर आठवणीने चालू करा. कॉइलची वायर दांड्याभोवती सैल लोंबत असेल तर प्रत्येक हेलकाव्याला आवाज येतो, ती घट्ट गुंडाळा. बॅटरी उतरली की आवाज वाहू लागतो. दोन यंत्रे एकाच शेतात चालवायची असतील तर त्यांच्यात भरपूर अंतर ठेवा, नाहीतर दोघे एकमेकांचेच ऐकत बसतील.

नेहमी येणारे प्रश्न

लोहचुंबक फिरवून काम होत नाही का?
वर पडलेल्या लोखंडाचे होते. खळ्यावर, गव्हाणीत आणि कुट्टीच्या तोंडाशी लोहचुंबक लावलाच पाहिजे, तो स्वस्त आहे. पण चुंबक मातीखालचा खिळा ओढून काढत नाही. दोन्ही उपाय एकमेकांना पूरक आहेत.

जनावराच्या पोटातले लोखंड या यंत्राने कळेल का?
जनावरांचे डॉक्टर धातुशोधकाचा उपयोग करतात. पण पोटात लोखंड आहे एवढेच त्यातून कळते. ते नुसते पडून आहे की टोचले आहे, हे कळत नाही. पुष्कळ धडधाकट जनावरांच्या पोटातही एखादा खिळा असतो. तेव्हा आवाज आला म्हणून घाबरू नये आणि नाही आला म्हणून आजारी जनावराकडे दुर्लक्ष करू नये. निदान डॉक्टरांनीच करावे. जाळीपोटात राहणारा खास लोहचुंबकही मिळतो. तो गिळवला की मोकळे लोखंड त्याला चिकटून राहते. तो डॉक्टरांकडूनच द्यावा.

पुरलेली पाइपलाइन सापडेल का?
लोखंडी असेल तर सापडेल. पी.व्ही.सी. असेल तर नाही. पण नवीन पी.व्ही.सी. लाइन टाकताना प्रत्येक व्हॉल्व्हवर आणि वळणावर पत्र्याचा तुकडा पुरून ठेवा. दहा वर्षांनी मुलाला लाइन शोधताना तो तुकडा वाट दाखवील.

गुप्तधन, कायदा आणि धोका

गावात यंत्र आले की कोणीतरी विचारतोच, ‘साहेब, धन सापडेल का?’ म्हणून स्पष्ट सांगतो. १८७८ च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय, किती, कुठे आणि कधी सापडले ते सगळे लिहायचे. लपवून ठेवले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शेत स्वतःचे असले तरी हा कायदा लागू आहे. संरक्षित स्मारकाच्या, किल्ल्याच्या किंवा पांढरीच्या टेकाडाच्या जागी यंत्र घेऊन खणायला जाऊ नये.

त्यात नुकसान फक्त सरकारचे नाही. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली झाडाच्या बुडाशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू निघाल्या. रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा, मिळून साठ किलोंहून जास्त वजन. त्या भंगारात गेल्या असत्या तर? आपल्या मुलखातल्या प्राचीन कारागिरांची एवढी मोठी साक्ष वितळून गेली असती. वस्तू जिथे सापडते ती जागा, ती खोली, शेजारचे खापर, यांवरूनच जाणकारांना तिचा काळ ठरवता येतो. जुने काही दिसले तर हात थांबवा, माती तशीच ठेवा आणि तलाठ्यामार्फत कळवा.

गुप्तधनाच्या नावाखाली पूजा-बळी करायला लावणाऱ्यांना दारात उभे करू नका. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असे अघोरी प्रकार हा गुन्हा आहे.

आणखी एक धोका जिवाचा. लष्कराच्या गोळीबार सरावाच्या मैदानालगत ज्यांची शेते आहेत, त्यांनी यंत्राने शोध घेऊच नये. गोळा किंवा नळकांड्यासारखी वस्तू कोठेही दिसली तर तिला हात लावू नका, उचलू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. लोकांना दूर ठेवा, जागेची खूण करा आणि पोलिसांना कळवा. विजेची भूमिगत केबल जात असेल तिथेही माहिती घेतल्याशिवाय खणू नये.

थोडक्यात

१. यंत्र गटाने घ्यावे, घरच्या मातीवर चाचणी करूनच घ्यावे.
२. आठ-दहा दिवस अंगणात पुरलेल्या वस्तूंवर सराव करावा.
३. अंगावरचे लोखंड उतरवूनच यंत्र हातात घ्यावे.
४. वैरणीचा प्लॉट, खळे आणि गोठ्याचा परिसर आधी तपासावा.
५. झोका सपाट, सावकाश आणि निम्मा चढवून घ्यावा.
६. उभा-आडवा झोका घेऊन बिंदू ठरवावा, मगच खुरपे लावावे.
७. खड्डा बुजवावा, लोखंड डब्यात टाकावे.
८. जुनी किंवा संशयास्पद वस्तू दिसली तर थांबावे आणि कळवावे.

आणि शेवटचे म्हणजे, यंत्रापेक्षा सवय मोठी. कुंपणाची तार तोडली की तुकडे मोजून खिशात टाका. घराचे काम करणाऱ्या मिस्त्रीला सांगा की तारेचे तुकडे एका डब्यात जमा कर. मांडव मोडताना तार गुंडाळून उचला, नांगराखाली जाऊ देऊ नका. मातीत गेलेला एक खिळा शोधायला अर्धा तास लागतो. तो पडला तेव्हाच उचलायला एक क्षण पुरतो.